डोळे मुलीचे कीं स्थळाचे?

वधूवरसूचक मंडळांच्या याद्या चाळतांना एक अपेक्षा आम्हांस वारंवार आढळते. मुलगी सुशिक्षित हवी, मिळवती हवी, गृहकृत्यदक्ष हवी. आणि या साऱ्यांच्या शेवटीं, जणुं सहज आठवलें म्हणून, 'चष्मा नसावा.' जिनें पंधरा-सोळा वर्षें पुस्तकांत डोळे घालून पदवी मिळविली, तिच्या डोळ्यांवर त्या अभ्यासाची खूण मात्र दिसतां कामा नये! ही अपेक्षा जुनीच आहे. नवें आहे तें तिच्यावरील उत्तर. पूर्वीं मुलगी दाखविण्याच्या दिवशीं चष्मा काढून ठेवीत, आणि पोह्यांच्या बशा घेऊन ती बिचारी अंदाजानें चालत येई. आतां चष्मा लपवीत नाहींत. डोळ्यावरच शस्त्र चालवितात. हा उपाय जुन्या लबाडीपेक्षां सभ्य आहे असें ज्यांस वाटतें, त्यांच्याशीं आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथमच सांगतों कीं, लेसर शस्त्रक्रियेशीं आमचें वैर नाहीं. मद्रासेंत जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं अमेरिकेंत असें दाखवून दिलें कीं, एक्सायमर लेसरच्या अतिनील किरणांनीं शरीराच्या पेशींचा सूक्ष्म थर, शेजारचा भाग न भाजतां, उडवितां येतो. १९८३ सालीं स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रवैद्याच्या सहकार्यानें त्या शोधाचा प्रयोग डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, करण्यांत आला. तेव्हांपासून जगांत लक्षावधि लोकांनीं ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्यांतील बहुतेक समाधानी आहेत. ज्याला चष्म्याचा खरोखरच जाच होतो, ज्याचा डोळा या कामास योग्य आहे आणि ज्यानें सारें समजून घेतलें आहे, त्यानें ती अवश्य करावी. आमचा वाद शस्त्रक्रियेशीं नसून, दुसऱ्याच्या डोळ्याबद्दल तिसऱ्यानेंच निर्णय करण्याशीं आहे.

हें कापणें म्हणजे काय, हें आधीं पाहावें. कॉर्नियाची जाडी मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण ५४० मायक्रॉन. लासिक पद्धतींत त्यावरील सुमारें १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा कापून उचलतात, आणि खालचा भाग दर नंबरामागें सुमारें १२ ते १५ मायक्रॉन या हिशेबानें लेसरनें उडवितात. खालीं निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत, असा जुना दंडक आहे. उडविलेलें पुन्हा येत नाहीं. पडदा मुळांतच पातळ किंवा बेडौल असेल, तर तो पुढें कमकुवत होऊन फुगूं शकतो, आणि मग साध्या चष्म्यानेंहि नीट दिसत नाहीं. पापुद्र्याबरोबर बारीक मज्जातंतूहि कापले जातात. म्हणून पहिले कांहीं महिने डोळे कोरडे पडणें हें नेहमींचेंच, आणि थोड्यांना तें पुढेंहि सोसावें लागतें. रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसण्याचा अनुभवहि कांहींना येतो. हें सोसावयाचें आहे तें मुलीला, स्थळाला नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका घरांत घडलें तें सांगतों. मुलगी तेवीस वर्षांची, नंबर उणे सहा. दोन स्थळांनीं चष्म्याचें कारण सांगून नकार दिला, तेव्हां आईवडिलांनीं तिला नेत्रवैद्याकडे नेलें. त्यानें मोजमापें घेऊन स्पष्ट सांगितलें कीं, पडदा पातळ आहे, त्याचा आकारहि संशयास्पद आहे. ही शस्त्रक्रिया करूं नये. वास्तविक संकट टळलें म्हणून घरांत आनंद व्हावा. पण सुतक पडल्यासारखें झालें. वडील म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवूं." दुसऱ्यानेंहि तेंच सांगितलें, तेव्हां तिसऱ्याचा शोध सुरू झाला. या साऱ्या धांवपळींत मुलीस कोणीं एकदांहि विचारलें नाहीं. शेवटीं तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही माझे डोळे सुधारायला निघालां आहांत कीं माझी पत्रिका?" वडिलांजवळ उत्तर नव्हतें.

वरपक्षाचा युक्तिवाद असा असतो कीं, आईला चष्मा असला तर मुलांनाहि लागेल. तो क्षणभर खरा धरूं. लघुदृष्टींत आनुवंशिकतेचा भाग आहेच. पण लेसरनें बदलतो तो केवळ पुढचा पडदा. लघुदृष्टीच्या माणसाचा डोळा बहुधा लांबट असतो. तो शस्त्रक्रियेनंतरहि तितकाच लांबट राहतो. मोठ्या नंबराच्या डोळ्यांत मागचें नेत्रपटल सुटण्याचा जो अधिक धोका असतो, तोहि तसाच राहतो. वारसाहि तोच. म्हणजे ज्या भीतीनें चष्मा नको म्हणतात ती भीति जागच्या जागीं राहते. नाहींशी होते ती फक्त तिची खूण. यालाच आम्ही लपवाछपवी म्हणतों. नाकावरील चष्म्याला निदान खोटें बोलतां येत नव्हतें.

घाईचाहि प्रश्न आहे. नंबर निदान वर्षभर स्थिर असावा, वय अठराच्या पुढें असावें, गर्भारपणांत व मूल अंगावर पीत असतांना शस्त्रक्रिया करूं नये, हे सारे नियम डोळ्याच्या सोयीचे आहेत. लग्नसराईच्या मुहूर्तांना हे नियम ठाऊक नाहींत. शिवाय चाळिशी कोणाला चुकत नाहीं. आज उणे दोन-तीन नंबराच्या माणसास चाळिशीनंतर चष्मा काढून पुस्तक वाचतां येतें; शस्त्रक्रिया केलेल्यास त्या वयांत वाचण्यासाठीं चष्मा घ्यावाच लागतो. मुलीस हें कोणीं सांगितलें आहे काय?

कोणी म्हणेल, "समाजच तसा आहे, आईबापांनीं काय करावें?" हा समाज राहतो कोठें? ज्या घरांत मुलीच्या चष्म्याचें दुःख आहे, त्याच घरांत उद्यां मुलासाठीं स्थळें पाहतांना 'चष्मा नको' असें म्हटलें जातें. गांधीजींच्या चष्म्याचें आपण चित्र काढतों, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यावर तो आवर्जून घडवितों. पुरुषाच्या नाकावर जें विद्वत्तेचें लक्षण, तेंच मुलीच्या नाकावर वैगुण्य कसें होतें? वैगुण्य तिच्या डोळ्यांत नाहीं. पाहणाऱ्याच्या दृष्टींत आहे, आणि त्या दृष्टीवर लेसर चालत नाहीं.

म्हणून शस्त्रक्रियेचा विचार निघेल त्या घरांत एकच प्रश्न आधीं विचारला जावा, आणि तो मुलीलाच: उद्यां कोणतेंहि स्थळ येणार नसतें, तरी तूं ही करून घेतली असतीस काय? उत्तर 'होय' असेल तर खुशाल चांगल्या नेत्रवैद्याकडे जावें, आणि तो 'नको' म्हणाल्यास त्याचे आभार मानून परत यावें. उत्तर 'नाहीं' असेल, तर पाहुणे येतील त्या दिवशीं तिला चष्मा घालूनच बाहेर येऊं द्यावें. समोर बसलेला माणूस तिलाहि नीट दिसला पाहिजे.