गाडीचं फिटनेस विचारता, रस्त्याचं कोण विचारणार?

रविवारी सकाळी अंगणात ताडपत्री टाकून गाडीखाली शिरलो होतो. शेजारचे काका आले अन् म्हणाले, "काहून एवढी मेहनत करता, पत्रकार? देऊन टाका ना भंगारात!"

गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. यावेळी पुढच्या लोअर आर्मचं बुश गेलं होतं. जॅक लावला, नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून खाली सागाचा ओंडका दिला. चाक काढलं, आर्म उतरवला, फाटलेलं रबर दाबून बाहेर काढलं, नवं बसवलं. अख्खा रविवार त्यातच गेला.

मित्रांनो, ही हौस नाही. क्लचची केबल ताणणं, प्लगचा गॅप लावणं, स्क्रू फिरवून आयडलिंग जमवणं हे सगळं आलापल्लीत राहून शिकावं लागलं. चंद्रपूर शंभराच्या वर किलोमीटर, गडचिरोलीही तेवढंच. पार्ट मागवा अन् बसची वाट पहा. ब्रेकला मात्र मी हात लावत नाही. ते काम मिस्त्रीचंच.

पण दोन पावसाळ्यांत हे तिसरं बुश आहे. बरं, नवी गाडी घेतली तर खड्डा काय बाजूला सरकणार आहे?

आता हिशेब बघा. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० ची ५,००० झाली. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० केली. वर पेट्रोल गाडीचा हरित कर आहेच. म्हणजे २०२८ ला माझा खिसा पुन्हा हलका.

जुनी गाडी धूर करते, धोकादायक असते, असं सांगतात. मान्य! मोजा धूर, तपासा ब्रेक. नापास झाली तर मीच ढकलत भंगारात नेतो. पण ज्या रस्त्यावर ती चालते, त्याची तपासणी दर पाच वर्षांनी कोण करतं? तो नापास झाला तर दंड कोण भरतं?

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्या भागातलं सागवान गेलं. सुरजागडचं लोहखनिज रोज ट्रक भरभरून जातं. आपल्या वाट्याला धूळ अन् गिट्टी.

माझं बुश तुटलं तर एक रविवार जातो. पण अहेरी, एटापल्ली, भामरागडकडून गडचिरोलीला बाळंतीण घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेचं काय? तिच्या ड्रायव्हरने रात्री जंगलात जॅक लावायचा का?

मागणी साधी आहे. प्रत्येक रस्त्यावर ठळक फलक लावा : काम कोणी केलं, कधी केलं, दोषदायित्व कालावधी कधी संपतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. आपल्याला तारीखच माहीत नसेल तर विचारणार कोणाला? पावसाळ्याआधी अन् नंतर रस्त्याची तपासणी करा, निकाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवा. पास की नापास, एवढंच लिहा.

तुमच्या गावाजवळ असा फलक असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. नसेल तर गावाचं नाव टाका. यादी करून निवेदन देऊ.

गाडीचं मी बघतो. तेवढे पाने माझ्याकडे आहेत. रस्ता दुरुस्त करायचे पाने ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी आता गाडीखाली नाही, निदान गाडीबाहेर तरी उतरावं.