काँग्रेस टिकेल का, आणि हे आपण का विचारायचे?

'काँग्रेस आता संपली' असे म्हणण्याची एक रीतच पडून गेली आहे. २०१४ साली लोकसभेत ४४ जागा आल्या तेव्हा असे म्हटले गेले, २०१९ मध्ये ५२ आल्या तेव्हाही. २०२४ मध्ये ९९ आल्या, तेव्हा तीच मंडळी 'काँग्रेस परत आली' म्हणू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हातात येईलसे वाटणारा हरियाणा निसटला, नोव्हेंबरात महाराष्ट्रात धूळधाण झाली, आणि पुन्हा पहिले पालुपद सुरू झाले. २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत सलग तिसऱ्यांदा शून्य आणि बिहारमध्ये जेमतेम ६ जागा, म्हणजे पालुपदाला तोटा नाही.

स्त्री संघटनांच्या बैठकीत हा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकजणी अंग काढून घेतात. 'पक्षांचे पक्ष बघून घेतील, आपण स्वायत्त आहोत.' या स्वायत्ततेमागे इतिहास आहे. मथुरा प्रकरणानंतर आपण रस्त्यावर आलो, शाहबानो निकालानंतर १९८६ चा कायदा आला तेव्हा आपण विरोध केला, १९८७ साली देवराळ्यात रूपकंवर जाळली गेली तेव्हा राजस्थानात सरकार याच पक्षाचे होते. २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मंजूर झाले आणि पुढची चार वर्षे त्याच पक्षाच्या सरकारला ते लोकसभेत मांडायला सवड झाली नाही. तेव्हा काँग्रेसवर माया म्हणून कोणी हा प्रश्न विचारावा, असे माझे अजिबात म्हणणे नाही.

प्रश्न वेगळ्या कारणासाठी विचारायचा. आपल्या मागण्या सत्तेच्या दारात कधी ऐकल्या जातात? सत्ता जाण्याची भीती असते तेव्हा. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, रोजगार हमीचा केंद्रीय कायदा आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती एकाच वर्षात झाली, तेव्हाचे सरकार डाव्यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभे होते. आणि अगदी ताजे उदाहरण 'लाडकी बहीण'चे. जून २०२४ मध्ये लोकसभेचे निकाल लागले. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी महायुतीला १७ जागा. महिन्याभरात बहिणींची आठवण झाली आणि दरमहा १५०० रुपयांची योजना आली. विधानसभेच्या प्रचारात एका बाजूने २१०० चा शब्द दिला, दुसऱ्या बाजूने ३००० चा. निवडणूक २३० जागांनी जिंकून झाली आणि २०२५ मध्ये छाननी सुरू झाली. सुमारे २६ लाख खाती संशयास्पद ठरवून त्यांचे हप्ते थांबवले गेले. वस्तीत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना त्या छाननीत बायकांची किती धावपळ झाली हे सांगायला नको. ते १५०० रुपये लोकसभेतल्या पराभवाने दिले होते. बायकांनी ते कोणाचे उपकार म्हणून घेऊ नयेत, हे आपण सांगतोच. पण चुरस संपली की हिशेब कसा बदलतो, हेही सांगायला हवे. २०२४ च्या विधानसभेत विरोधकांतल्या एकाही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदाच्या प्रथेप्रमाणे लागणाऱ्या २९ जागा मिळाल्या नाहीत. अशा सभागृहात छाननीबद्दल सरकारला धारेवर धरणार कोण?

म्हणून देशपातळीवर दुसरा पक्ष स्पर्धेत राहतो की नाही, हा आपलाही प्रश्न आहे.

आकडे पाहिले तर पक्ष मेलेला नाही. २०१४ आणि २०१९ मध्ये मतांचा वाटा एकोणीस-साडेएकोणीस टक्के, २०२४ मध्ये एकवीसच्या थोडा वर. तेरा कोटींहून अधिक माणसांनी हाताच्या पंजावर बोट ठेवले. दुखणे कुठे आहे ते नकाशावर दिसते. १९८४ साली उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी ८३ जागा जिंकणारा पक्ष तिथे २०२४ मध्ये ६ वर होता, तोही समाजवादी पक्षाचा हात धरून. मध्य प्रदेशात २९ पैकी शून्य. आंध्र, दिल्ली, हिमाचल, उत्तराखंड शून्य. जिथे थेट भाजपशी गाठ पडते तिथे पाय टिकत नाहीत, आणि जिथे मित्रपक्ष आहेत किंवा राज्यातली संघटना शाबूत आहे तिथे जागा येतात. एवढ्यावर स्पर्धेत राहता येते, सत्ता मिळवता येत नाही.

संघटना गेली कुठे? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ती मुळात कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्था यांच्या खांद्यावर उभी होती. सत्ता गेली तसे खांदे देणारे निघाले. २०१९ मध्ये विखे पाटील गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण गेले. नेते जाताना आपापले तालुके घेऊन जातात, कारण तालुका त्यांच्या मालकीचाच होता. या सगळ्या रचनेत बाईची जागा कुठली? महिला आघाडीचे हळदीकुंकू, मोर्चातली पुढची रांग आणि व्यासपीठावर पाहुण्यांना पुष्पगुच्छ. जिल्हा बँकेच्या संचालकपदावर तिचा दावा कोणी मानला नव्हता, त्यामुळे पक्षांतराच्या सौद्यात तिला किंमतही नव्हती. गंमत अशी की नेमकी हीच बाई मागे उरली आहे.

आता उमेदवारीकडे पाहू. उत्तर प्रदेशात २०२२ मध्ये काँग्रेसने ४० टक्के तिकिटे स्त्रियांना दिली. ४०३ पैकी २ जागा आल्या, त्यातली एक स्त्रीची. लगेच निष्कर्ष निघाला की बायकांना तिकिटे देऊन काही होत नाही. हा निष्कर्ष मला मान्य नाही. जिथे पक्षाला जेमतेम सव्वादोन टक्के मते पडली, तिथे पुरुषांनी तरी काय दिवे लावले? बूथवर माणूस नसलेल्या पक्षाने शेवटच्या चार महिन्यांत स्त्रियांच्या हाती निशाण दिले आणि हरल्याचा बोजाही त्यांच्याच पदरात टाकला.

त्यासमोर महाराष्ट्रातली २०२४ ची लोकसभा ठेवा. काँग्रेसने १७ जागा लढवल्या, त्यांत ४ स्त्रिया होत्या: सोलापुरात प्रणिती शिंदे, उत्तर मध्य मुंबईत वर्षा गायकवाड, चंद्रपुरात प्रतिभा धानोरकर, धुळ्यात शोभा बच्छाव. चौघीही निवडून आल्या. पक्षाचे हरलेले चारही उमेदवार पुरुष. चार म्हणजे फार मोठा नमुना नव्हे, हे मला कळते. आणि चौघींपैकी तिघी राजकीय घराण्यांतल्या लेकी-सुना आहेत, हेही खरे. पण धुळ्याच्या विजयी उमेदवार नाशिकच्या माजी महापौर होत्या, आणि त्या अवघ्या ३८३१ मतांनी जिंकल्या. स्थानिक संस्थेतल्या पदापासून संसदेपर्यंत बाई पोचू शकते, याचा हा पुरावा.

आणखी एक वाट होती, ती मध्येच अडली. रामटेकमध्ये नागपूर जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे यांना उमेदवारी मिळाली. जात पडताळणीचे प्रमाणपत्र ऐन वेळी रद्द झाले, अर्ज बाद झाला, आणि पर्यायी उमेदवार असलेले त्यांचे पती खासदार झाले. प्रमाणपत्र रद्द करण्याचा निर्णय पुढे उच्च न्यायालयाने फिरवला, पण तोवर निवडणूक होऊन गेली होती. 'सरपंचपती'वर आपण तीस वर्षे लिहीत आलो. हा प्रकार वेगळा, दोष पतीचा नाही. तरी निष्पत्ती पाहिली की मन खट्टू होतेच.

पाच महिन्यांनी विधानसभेत काँग्रेसचे १६ आमदार आले. त्यांत स्त्री एकच, धारावीतून. लोकसभेचा धडा कोणी गिरवला नाही.

१९९३ च्या घटनादुरुस्त्यांपासून आणि २०११ नंतर तर निम्म्या जागांवर महाराष्ट्रात हजारो स्त्रिया सदस्य, सभापती, सरपंच, नगरसेविका झाल्या. निधी कसा मागायचा, ग्रामसेवकाला कसे बसवून घ्यायचे, रेशन दुकानदाराची तक्रार कुठे करायची हे त्या शिकल्या. पुढच्या निवडणुकीत प्रभाग खुला झाला की त्यांना घरी बसवले जाते. सगळेच पक्ष हे करतात, पण भरल्या घरच्या पक्षाला ते परवडते. ज्याच्या घरातले पुरुष निघून गेले, त्याने शिकलेल्या बाईला ओसरीवर ताटकळत ठेवावे, हे मला राजकीय मूर्खपणाचे वाटते. त्यात भर म्हणजे २०२० ते २०२२ दरम्यान मुदत संपलेल्या महापालिका-जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले आणि डिसेंबर २०२५ पासून कुठे टप्प्याटप्प्याने निवडणुका झाल्या. नव्या कार्यकर्त्यांची एक अख्खी फळी या काळात घडलीच नाही. याविरुद्ध पक्षाने राज्यभर म्हणावे तसे आंदोलन उभे केले नाही.

२०२३ मध्ये लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांचा कायदा झाला, जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेची अट जोडून. तो प्रत्यक्षात येईल तेव्हा उमेदवार कोण असतील हे आजच ठरते आहे. नेत्यांच्या घरात सुना तयार होत आहेतच. काँग्रेसला स्पर्धेत राहायचे असेल तर जिल्हा समित्यांत माजी जिल्हा परिषद सदस्या आणि नगरसेविका यांना महिला आघाडीत नव्हे, मुख्य समितीत, तालुक्याच्या निवडणूक निधीवर अधिकार असलेल्या पदांवर घ्यावे लागेल. ते मागायला त्या पक्षातल्या मैत्रिणी कचरतात, कारण मागणाऱ्या एकट्या पडतात. आपल्या संघटनांनी बाहेरून तरी हा प्रश्न जाहीरपणे विचारावा: प्रत्येक जिल्ह्याच्या कार्यकारिणीत किती स्त्रिया आहेत, आणि तिकीट वाटणाऱ्या बैठकीला त्यांपैकी कितीजणी बसतात? काँग्रेसला आधी विचारू, कारण तिला गरज जास्त आहे. मग बाकीच्यांना.