संगणकाचा परवाना

बाजारातून विकत आणलेला आंबा सर्वस्वी आपला होतो. तो स्वतः खावा, शेजाऱ्यास द्यावा, किंवा त्याची कोय परसात रुजवावी. विक्रेता हरकत घेत नाही. संगणकातील ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे संगणकाच्या सर्व अवयवांकडून शिस्तीने काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीची, गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्यासाठी दाम मोजले तरी तिची मालकी बहुधा हाती येत नाही. हाती येतो तो वापराचा परवाना. त्यात काय लिहिले आहे, हे फारच थोडे लोक पाहतात. ही उदासीनता बरी नव्हे.

विंडोजचे उदाहरण घ्यावे. नव्या संगणकाबरोबर आलेला तिचा परवाना सामान्यतः त्याच यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र मोडीत निघाले की तोही संपतो. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून नव्यावर नेता येतो, पण एका वेळी एकाच यंत्रावर. मोठ्या संस्था अनेक यंत्रांसाठी एकत्रित परवाना घेतात. मूळ आज्ञावली उघडून तीत फेरफार करण्याची मुभा मात्र यांपैकी कोणासही नसते.

दुसरा मार्ग अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली आरंभिला. त्यातून १९८९ मध्ये 'जीपीएल' हा परवाना निघाला. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये रचलेले लिनक्स पुढल्याच वर्षी या परवान्याखाली आले. ते कोणीही वापरावे, अभ्यासावे, बदलावे, वाटावे, विकावेसुद्धा. अट एकच, की बदललेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने मूळ आज्ञावलीही खुली ठेवावी आणि आपणांस लाभलेले स्वातंत्र्य पुढच्यासही द्यावे.

"कंपनी श्रीमंत आहे, एक प्रत चोरून घेतली तर काय बिघडले?" असे काहीजण विचारतात. परंतु चोरीचे माप धन्याच्या श्रीमंतीवरून ठरत नसते. पुढे दुरुस्त झालेला १९५७ चा भारतीय कॉपीराइट कायदा आज्ञावलीलाही साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण देतो. शिवाय चोरट्या प्रतीतून घातक आज्ञावली घरात शिरण्याचे भय असते ते निराळेच. विकतचा परवाना परवडत नाही ही सबबही टिकत नाही, कारण लिनक्स विनामूल्य मिळते. केरळातील सरकारी शाळांनी अशीच खुली प्रणाली स्वीकारली आहे.

तथापि खुलेपणा म्हणजे बेबंदपणा नव्हे. लिनक्स बदलून विकणारा आणि मूळ आज्ञावली दडवणारा मनुष्यही तितकाच दोषी होय. ज्याने श्रम केले, त्याने आपल्या श्रमाची अट ठरवावी, हा न्याय दोन्हीकडे सारखाच आहे. अट मान्य नसेल तर ती वस्तू नाकारावी. पण स्वीकारली की पाळावी. 'मान्य आहे' या शब्दांवर न वाचता बोट ठेवणे म्हणजे न समजता वचन देणे होय. आणि दिलेले वचन कोणी पाहत नसतानाही पाळणे, यातच मनुष्याची खरी परीक्षा असते.