वारुळातली शेती मोडू नका

सातारा-सांगलीच्या शिवारात सपाटीकरणाचा जेसीबी शिरला की बांधावरचे वारूळ सगळ्यात आधी जाते. जे वाचते, त्यात कीटकनाशक ओतले जाते. वाळवी म्हणजे शत्रू, एवढ्याच समजुतीवर हे चालले आहे. ही समजूत अपुरी आहे आणि माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांना ती परवडणारी नाही. नागपंचमीला आपण वारूळ पुजतो, पण नाग तिथे आयत्या बिळावर येतो. वारूळ बांधते वाळवी, आणि ती आत शेती करते.

अमेरिका खंडातल्या पाने कातरणाऱ्या मुंग्या जगभर नावाजलेल्या आहेत. पाने चघळून त्यांवर त्या बुरशी वाढवतात आणि बुरशीवर जगतात. त्या मुंग्या आपल्याकडे नाहीत, मात्र तोच उद्योग आपली वारूळ बांधणारी वाळवी करते. वाळवी मुंगी नव्हे, तिचे नाते झुरळाशी. मुंग्यांच्या कामकरी सगळ्या माद्या असतात. वाळवीच्या कामकऱ्यांत नर-मादी दोन्ही असतात आणि राणीबरोबर राजाही वारुळात नांदतो. कामकरी वाळलेले गवत, काटक्या, पाचट खातात आणि अर्धवट पचलेला लगदा विष्ठेवाटे आतल्या कप्प्यांत रचतात. त्यावर बुरशी वाढते, लाकडातला चिवट भाग फोडते आणि तिच्यावर धरलेले बारीक पांढरे गोळे वसाहतीचे अन्न होतात. या मळ्यात तणही येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे, की कामकरी वाळवी पिकाची बुरशी आणि तणाची बुरशी वासावरून वेगळी ओळखते व तणावर मातीचे गोळे टाकून ते गाडते. वसाहत मेली की तेच तण सगळा मळा व्यापते. एवढी राखण रोज, अंधारात चालते.

यावर शेतकरी विचारेल, की उसाचे बेणे पोखरले तर नुकसान कोण भरून देणार? प्रश्न रास्त आहे. उगवणीच्या वेळी कोरड्या रानात वाळवी टिपऱ्या खाते, घराचे वासेही खाते. तिथे बंदोबस्त करावाच. मात्र बेणेप्रक्रिया करून पीक वाचवणे वेगळे आणि पडीक माळावरचे वारूळ विषाने मारणे वेगळे. वाळवीचा मुख्य आहार मेलेला पालापाचोळा आहे. तो जाळून रान उघडे केले, तर तिच्यापुढे बेण्याखेरीज उरते काय? उलट तिच्या बोगद्यांतून पाणी जमिनीत मुरते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मुंग्या आणि वाळवी राखलेल्या जमिनीत गव्हाचे उत्पादन 36 टक्के जास्त आले. तो आकडा माणच्या मुरमाड रानाला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण बुर्किना फासोत याकूबा सावाडोगो यांनी खड्ड्यांत शेणखत घालून वाळवीला मुद्दाम बोलावले आणि कडक झालेली जमीन पुन्हा पिकती केली, हेही घडलेले आहे.

पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही वाळवीच्या मळ्यातल्या बुरशीचीच फळे. पाने कातरणाऱ्या मुंग्यांची नवी राणी बुरशीचा तुकडा तोंडात घेऊन उडते. आपल्या वाळवीच्या बहुतेक जातींत ही सोय नाही. नव्या वसाहतीचे पहिले कामकरी बाहेर पडून बुरशीची बीजे गोळा करतात, आणि ती बीजे उमललेल्या अळंबीतून पडतात. एका वारुळावरच्या सगळ्या कळ्या खुडल्या, तर पुढच्या वसाहतींना बियाणे कुठून मिळणार? खाणाऱ्यांनी खावीत, पण काही छत्र्या उमलू द्याव्यात.

जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यांत गायरानातली, बांधावरची वारुळे गट क्रमांकासह नोंदवावीत आणि सपाटीकरणाचे काम मंजूर करताना ती नोंद आधी पाहावी. त्यासाठी ग्रामसभेचा एक ठराव पुरेसा आहे.