दाद नटाला, खुन्याला नव्हे

मा. संपादक,


‘देवमाणूस’ मालिकेचे चाहते खुन्याची आरती ओवाळतात, असा ठपका गेल्या आठवड्यातील पत्रात ठेवला आहे. तो मान्य नाही. लोकांनी दाद दिली ती खुनी डॉक्टर साकारणाऱ्या किरण गायकवाड यांच्या अभिनयाला. ‘लागिरं झालं जी’ मालिकेतला त्यांचा भय्यासाहेबही असाच शिव्या खात लोकप्रिय झाला होता. आणि आमच्या लाखनीत सर्वांत जास्त आठवण निघते ती ‘देवमाणूस’मधल्या सरू आजीची, डॉक्टरची नाही! तिची सातारी बोली आमच्या झाडीपट्टीची नाही, तरी तिच्या म्हणी इथल्या पोरांना पाठ होत्या.

‘देवमाणूस’चा ‘मधला अध्याय’ म्हणजे तिसरा भाग, गोष्ट पुढे सरकली, हे पत्रलेखकाचे विधानही चूक. २०२५ ची ती मालिका पहिल्या दोन भागांच्या मधल्या काळाची आहे. नावातच ते आहे, निदान नाव तरी वाचायचे.

‘असे डॉक्टर फक्त पडद्यावर’ हे तर फारच झाले. मालिकेची प्रेरणा २०१६ मध्ये वाईजवळच्या धोम गावात उघडकीस आलेल्या हत्याकांडाची; आरोपी डॉक्टर म्हणवणाराच. बळी सहा, त्यांत पाच महिला. पहिली बाई बेपत्ता झाली २००३ मध्ये. तेरा वर्षे कुणाला सुगावा लागला नाही. दवाखान्याच्या पाटीवरची पदवी कुणी वाचत नाही, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

गोष्ट ताणली, एवढे मात्र खरे. पण तो हिशेब वाहिनीकडे मागावा, प्रेक्षकांकडे नाही.

– एक प्रेक्षक, लाखनी (जि. भंडारा)