वात झाला

‘नुसता वात आणलात!’ असें म्हणून दंगेखोर मुलांना दटावणाऱ्या किती आयांना ठाऊक असेल कीं, त्यांच्या आजेसासूबाई हाच शब्द आवाज खालीं आणून उच्चारीत असत? ‘वात झाला’ असें वैद्यबोवांनीं सांगितलें म्हणजे हेमगर्भाची मात्रा उगाळली जाई आणि रोग्याच्या उशाशीं गंगेचा गडू येई.

ज्वर चढला असतां रोगी असंबद्ध बोलूं लागे, घरच्यांना ओळखीनासा होई, अंथरूण चाचपी, हवेंतून कांहीं वेंचल्यासारखीं बोटें हालवी. वात, पित्त व कफ हे तिन्ही दोष एकदम कोपले, असें समजून आयुर्वेदानें या अवस्थेस सन्निपात म्हटलें व तिचे तेरा भेद सांगितले; ‘प्रलापक’ आणि ‘चित्तविभ्रम’ हीं त्यांतलींच नांवें. ग्रीक वैद्य अशा रोग्यास ‘फ्रेनायटिस’ झाला म्हणत. आणि एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी कादंबऱ्यांच्या नायिकांना जो ‘ब्रेन फीव्हर’ हटकून होत असे, तो त्याचाच दूरचा नातलग.

जुन्यांची नजर तीक्ष्ण होती. सन्निपात सातव्या, दहाव्या किंवा बाराव्या दिवशीं उतरतो अथवा मारतो, आणि शेवटीं कानाच्या मुळाशीं दारुण सूज आल्यास क्वचितच कोणी वांचतो, असें माधवनिदान सांगतें. मुदतीच्या तापांत तोंडाची निगा न राहिल्यास कानापुढील लालापिंड पिकतो, हें आधुनिक वैद्यकासहि मान्य आहे. परंतु जें डोळ्यांना दिसलें त्यालाच रोगाचें नांव दिल्यामुळें पुढचा शोध तेथेंच थांबे.

ता. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यांत वरून कारंज्यावर पडले व दोन दिवसांनीं, एकविसाव्या वर्षीं, वारले. तापांत वात होऊन तोल गेला असें एक पक्ष म्हणतो. नाना फडणविसांच्या जाचानें खिन्न होऊन त्यांनीं जाणूनबुजून उडी टाकली असें ग्रँट डफनें लिहिलें. त्या दिवशीं तापाचें मूळ तपासण्याचें साधनच कोणापाशीं नव्हतें. ‘वात’ हें निदान एका पक्षाला पुरलें, दुसऱ्याला तें पांघरूण वाटलें. आमच्या मतें या वादाचा निकाल आतां लागणें नाहीं.

बारामतीकर नाईक हे पेशव्यांचे सोयरे. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई त्याच घरांत दिलेली. त्यांच्या बारामतीस आणि शेजारच्या इंदापुरास ‘वात’ या एकाच नांवाचा धोका पुढें निराळ्या रीतीनें वाढला. १८८५ सालीं नीरा डावा कालवा सुरू झाला. जिराईत रानांत ऊस उभा राहिला. पण पाणी झिरपून जमिनी पाणथळ झाल्या आणि डांसांची आयती सोय झाली. हिंवतापाचा एक प्रकार असा कीं, त्याचे जंतु मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात आणि रोगी बरळूं लागतो. दूषित पाण्यानें होणाऱ्या मुदतीच्या तापांतहि तो तसाच बरळतो. उंबऱ्यांतून पाहणाऱ्यास दोन्ही ‘वातच’. परंतु पहिल्यास कोयनेल वेळेवर मिळालें तर माणूस वांचे. दुसऱ्यास कोयनेल निरुपयोगी. एबर्थनें १८८० सालीं मुदतीच्या तापाचा जंतु पाहिला, रॉसनें १८९७ सालीं सिकंदराबादेस डांसांचा अपराध सिद्ध केला. तेव्हां रक्ताच्या थेंबावरून हा भेद करण्याची वाट खुली झाली. मुदतीच्या तापावर क्लोरॅम्फेनिकॉल हें खरें औषध मिळण्यास मात्र १९४८ साल उजाडावें लागलें. तोंवर घरोघर लंघन व शुश्रूषा यांवरच भिस्त असे.

आज कोणताहि डॉक्टर रोग्याच्या कागदावर ‘वात’ लिहीत नाहीं. लक्षणाचें महत्त्व मात्र तिळभरहि उणें झालेलें नाहीं. तापकरी माणूस वार, जागा किंवा घरचीं माणसें विसरूं लागला, तर ‘तापाच्या भरांत बोलतो आहे’ म्हणून सकाळची वाट पाहूं नये. त्याच रात्रीं त्यास रुग्णालयांत न्यावें. वृद्धांच्या बाबतींत तर अधिकच जपावें. मूत्रमार्गाचा दाह किंवा फुप्फुसाची सूज असतां त्यांचें अंग फारसें तापतहि नाहीं, आणि एरवीं व्यवस्थित बोलणारे आजोबा एकाएकीं भलतेंच बोलूं लागतात. घरचीं माणसें तें वयावर घालतात.