पडीक कोणाला म्हणता, शेठ?

आमच्या दळीवर तबेलेवाल्याचं कुंपण पावसाळ्यागणिक वर सरकतंय. म्हशी वाढल्या, जागा पुरत नाय, आन् म्हणे ‘ही पडीकच हाय’. नाचणी-वरी काढल्यावर उताराची माती दोन-चार वर्षं निजवावी लागते, शेठ. ती पडीक नाय. दुधाच्या धंद्याशी आमचं वैर नाय, पण तो आमच्या पोटावर नको. याच उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी माणसांनी जंगलासाठी गोळ्या झेलल्या, त्या काय तबेल्यासाठी? वनहक्क कायदा २००६ सांगतो: दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर दावेदाराला हुसकावता येत नाही, मिळालेली जमीन विकताही येत नाही. म्हणून बाबांनो, शेठच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका. वाडीतल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात; तो दावेदार सोडून दुसऱ्याचा लागतो. लिहून घ्या, वनहक्क समितीकडे द्या, पोच मागा.